निकम अण्णांचा श्वानसंघ

निकम अण्णा कुत्र्यांना अहो-जाहो करायचे आणि माणसांना अरे-तुरे. हे मी ऐकीव सांगत नाही, भोगलेलं सांगतो. ते माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दार मी उघडलं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी माझ्या पायाशी उभ्या असलेल्या पिंकीला, म्हणजे आमच्या पॉमेरेनियन कुत्रीला, वाकून विचारलं, "काय बाईसाहेब, बऱ्या आहात ना? जेवण झालं आपलं?" मग मान वर करून मला म्हणाले, "अरे शिरसाठ, चहा टाकायला सांग. काम आहे तुझ्याकडे."

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होतो. पंचेचाळीस वर्षांचा होतो. ऑफिसात शिपाईसुद्धा मला शिरसाठसाहेब म्हणायचा. आणि माझ्याच दारात माझ्या कुत्रीला आपण आणि मला तू. मला तेव्हाच दार लावून घ्यायला हवं होतं. पण मी चहा टाकायला सांगितला, आणि पुढची दीड वर्षं त्या चहाची शिक्षा भोगली.

अण्णा आमच्याच कॉलनीत, नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूला, शेवटच्या रो-हाउसमध्ये राहायचे. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली शेवटची अठरा नाशिक-पेठ मार्गावर. माझी बायको म्हणायची, "अण्णा रिटायर झाले, पण गाडीतून खाली काही उतरले नाहीत." खरं होतं ते. खाकी शर्ट तसाच, खिशाला पेन तसंच, आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य: "नियमात बसतं का?"

लग्नाचा मुहूर्त चार मिनिटं पुढे गेला, तर भर मांडवात भटजींना विचारणार, नियमात बसतं का? कॉलनीत पाण्याचा टँकर आला की नळी यांच्या हातात, आणि दुसरी कळशी पुढे केली की बाई कोण, कुठली, काही बघायचं नाही, सरळ मागे पाठवायचं. एकदा बिटको चौकातून ते शेअर रिक्षात बसले. तीन माणसं आधीच होती, हे चौथे. रिक्षा निघाल्यावर त्यांनी माणसं मोजली आणि रिक्षावाल्याला झापायला सुरुवात केली, की चौथा माणूस घेतलासच कसा. रिक्षावाला म्हणाला, "काका, चौथे तुम्हीच आहात." अण्णा म्हणाले, "म्हणूनच विचारतोय," आणि उतरून भर उन्हात चालत घरी आले.

असल्या माणसाशी संसार करणं काय असेल, ते वहिनींनाच ठाऊक. वहिनींचं माहेर पेठचं. त्या अण्णांच्याच गाडीने माहेरी जायच्या. अण्णा त्यांच्याही पुढ्यात उभे राहून विचारायचे, "बोल, कुठे जायचं?" वहिनी म्हणायच्या, "तुम्हाला माहीत नाही का?" "बोल लवकर, मागे लोक आहेत." आणि पूर्ण तिकीट फाडून हातात. एकदा येताना वहिनींनी पिशवीतून कुत्रीचं पिल्लू आणलं. पिशवी हलली, अण्णांनी आत हात घातला, आणि त्या पिल्लाचंही तिकीट फाडलं. तीच चंपा. तांबूस रंगाची, एक कान उभा, एक कान पडलेला, अस्सल गावठी.

आमची ही कुत्र्यांची भानगड सुरू झाली त्याच्या दोन वर्षं आधी वहिनी गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात अण्णा आणि चंपा, एवढीच दोघं उरली.

तर चहा पिता पिता अण्णांनी पिशवीतून झेरॉक्सचे चौदा कागद काढले. पुण्याच्या कुठल्याशा श्वानप्रेमी क्लबाने पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची स्पर्धा ठेवली होती. चार कुत्र्यांचा संघ. प्रत्येक कुत्र्याने आपल्या माणसाबरोबर धावायचं, उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, उंच फळीवरून चालायचं, बांबूंच्या रांगेतून नागमोडी निघायचं. अण्णांच्या पुण्याच्या भाच्याने हे नियम धाडले होते. सगळे इंग्रजीत. "तू इंग्रजी टिपणी लिहितोस ना ऑफिसात? मग याचं मराठी कर," अण्णा म्हणाले. "आणि हे बघ, काय लिहिलंय इथे. जातीचा दाखला लागत नाही असंच लिहिलंय ना?"

तसंच लिहिलं होतं. कुठल्याही जातीचा कुत्रा चालेल. अण्णांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, चला, बिचाऱ्याला विरंगुळा. आठ दिवस खपून मी मराठी केलं. नियम अकरा तर मला अजून पाठ आहे, कारण तो मीच लिहिला, आणि कुत्र्याबरोबर धावणाऱ्या माणसाला 'हस्तक' हा शब्दही मीच शोधला: "शर्यत चालू असताना हस्तकाने श्वानास हात लावल्यास संपूर्ण संघ बाद समजण्यात येईल."

कागद द्यायला गेलो, तर अण्णांनी माझ्याच हातात एक छापील अर्ज ठेवला. श्वानसंघात भरती होण्याबाबत. मी म्हटलं, "अण्णा, मला काही भरती-बिरती व्हायचं नाही." "तुला कोण विचारतंय? बाईसाहेबांचा अर्ज आहे. तू फक्त सही कर, पालक म्हणून."

अर्जाला दोन फोटो लावायचे होते. पासपोर्ट साइज. कुत्रीचे. मी पिंकीला उपनगरच्या फोटो स्टुडिओत नेलं. तो फोटोग्राफर मला म्हणतो, "साहेब, जरा त्यांची हनुवटी खाली करा." माझ्या मुलीच्या दहावीच्या फॉर्मला मी एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या. का गेलो, असं विचाराल तर खरं सांगतो. मला आयुष्यात एकच बक्षीस मिळालंय. चौथीत, लिंबू-चमच्यात तिसरा, साबणाची डबी. त्या चौदा कागदांत शेवटी लिहिलं होतं, विजेत्या संघाला फिरती ढाल. ढाल म्हटल्यावर माझं मन थोडं डळमळलं.

संघात चौघं झालो. चंपाबरोबर अण्णा. पिंकीबरोबर मी. शाळेत गणित शिकवणाऱ्या आहेर मॅडम, सटाण्याकडच्या, त्यांचा ब्रूनो नावाचा अल्सेशियन, जो दिसायला वाघ होता आणि मांजर दिसलं की मॅडमच्या मागे लपायचा. आणि मखमलाबादचे बोराडे, द्राक्षबागायतदार, त्यांचा मळ्यातला काळा भुऱ्या. काळ्या कुत्र्याचं नाव भुऱ्या का, असं मी विचारलं तर बोराडे म्हणाले, "आधी भुराच व्हता." मी पुढे विचारलं नाही.

सगळं सामान बोराडेंनी आणलं. ठिबकच्या पाइपांच्या उड्या, औषध फवारणीच्या प्लास्टिकच्या पिंपांची बुडं कापून बोगदा, मांडवाचे बांबू, आणि दोन लोखंडी पिंपांवर टाकलेली लांब फळी. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर हा संसार मांडला, आणि दर रविवारी सकाळी सहाला सराव सुरू झाला.

सहा म्हणजे सहा. सहा वाजून तीन मिनिटांनी मी पोहोचलो की अण्णा आत येऊ द्यायचे नाहीत. "गाडी सुटली. पुढच्या रविवारी ये." मी, पिंकीला काखेत धरून, थंडीत कुडकुडत, रस्त्यावर उभा. आणि पिंकीला आत बोलवायचे. "या बाईसाहेब, आपली काही चूक नाही."

एकदा पिंकीने बोगदा पहिल्यांदा पार केला, म्हणून मी आनंदाने तिला एक ग्लुकोजचं बिस्किट दिलं. सोमवारी संध्याकाळी घरी लिफाफा आला. विषय: सरावादरम्यान परवानगीशिवाय श्वानास बिस्किट दिल्याबाबत. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. बावीस वर्षांच्या नोकरीत मला कधी मेमो मिळाला नव्हता. सरकारने दिला नाही तो मला कुत्र्यांच्या संघाने दिला. बायको म्हणाली, "मग जाऊ नका ना." मी म्हटलं, "जाणारच नाही." आणि बसून खुलासा लिहिला, दोन प्रतींत.

पण सगळ्यावर कडी म्हणजे ती नावं. कुत्र्यांना प्रत्येक अडथळा ओळखता यावा म्हणून त्याला एकेक शब्द हवा. आता माणूस काय ठरवेल? उडी, बोगदा, फळी. नाही. अण्णांनी त्यांना पेठ रोडचे थांबे ठरवून दिले. उडी म्हणजे आशेवाडी. बोगदा म्हणजे उमराळे. फळी म्हणजे करंजाळी. आणि शेवटची बांबूंची रांग म्हणजे पेठ. दीड वर्ष आम्ही चार शहाणीसुरती माणसं दर रविवारी चार कुत्र्यांच्या मागे "उमराळे, उमराळे, करंजाळी" असं ओरडत पळत होतो. फिरायला निघालेले लोक थांबून बघायचे. एकाने मला खरंच विचारलं, गाडी कितीला आहे.

आहेर मॅडम शिकलेल्या बाई, पण अण्णांनी त्यांना "आहेरबाई, तू पाय आपटत पळतेस, ब्रूनोसाहेबांना त्रास होतो" असं म्हटलं त्या दिवशी त्यांचं अहिराणी बाहेर आलं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "हाऊ माणूस येडा शे." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही आधी का नाही सांगितलंत.

तरीही आम्ही सोडून का गेलो नाही, हे मलाही नीट सांगता येत नाही. एक तर कुत्री खरोखर शिकली. पिंकी, जी आजवर फक्त सोफ्यावर उडी मारायची, ती पाइपांवरून अशी जायची की बघत राहावं. भुऱ्या वारा होता. ब्रूनोसुद्धा मांजर नसेल त्या दिवशी कमाल करायचा. आणि चंपा तर अण्णांच्या नुसत्या भुवईवर चालायची.

मग सानपांनी घोळ घातला. सानप म्हणजे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. त्यांना त्या प्लॉटवर काहीतरी बांधायचं होतं, आणि कुत्र्यांमुळे कॉलनीची शोभा जाते असं त्यांचं म्हणणं. वार्षिक सभेत ते कुत्सितपणे म्हणाले, "दीड वर्ष पळताय, मिळवलं काय? पुण्याची ढाल आणा, मैदान तुमचं. नाही आणली, तर दुसऱ्या दिवशी कुंपण." मी उठून बोलणारच होतो, की ही काय दादागिरी. पण माझ्याआधी अण्णा उठले आणि म्हणाले, "मंजूर. लेखी घ्या." आणि सही करून मोकळे झाले. ना मला विचारलं, ना मॅडमना, ना बोराडेंना.

घरी येताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, हरलो तर? रविवारी करणार काय तुम्ही?" ते चंपाला म्हणाले, "चला, आपण लक्ष देऊ नका." पण त्यांचा आवाज मला बारीक वाटला. सोमवार ते शनिवार या माणसाकडे कोणी फिरकत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांच्या दारासमोरची चप्पल एकाच माणसाची असायची. मैदान गेलं तर संघ गेला, आणि संघ गेला तर अण्णांना सकाळी उठायला कारण उरत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, यांच्यावर चिडायचं ते ढाल आणल्यावर.

डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो, बोराडेंच्या चुलतभावाच्या कमांडर जीपमधून. मागच्या बाकांवर कुत्री, पुढे आम्ही. खिडकीजवळच्या जागेवरून माझं आणि अण्णांचं सिन्नरपर्यंत भांडण झालं आणि ते मी जिंकलं, कारण मला गाडी लागते.

पुण्याचं मैदान बघून आमची छातीच दडपली. शांपू केलेली कुत्री, ड्रायरने फुलवलेली कुत्री, कुत्र्यांसाठी घडीच्या खुर्च्या. आमच्या भुऱ्याच्या अंगाला अजून द्राक्षाच्या फवारणीचा वास. गॉगल लावलेल्या एका बाईंनी चंपाकडे बघून अण्णांना विचारलं, "ब्रीड कोणतं हे?" अण्णा ताठ उभे राहून म्हणाले, "पेठ तालुका." बाई म्हणाल्या, "ओह," आणि मैत्रिणीला सांगायला गेल्या.

आणि मग कळलं की अडथळ्यांचा क्रम परीक्षक त्याच दिवशी ठरवतात. बांबू पहिले, मग उडी, मग बोगदा, आणि फळी सगळ्यांत शेवटी. नियम सात. मीच भाषांतर केलेला. पण आम्ही दीड वर्ष एकाच क्रमाने पळत होतो, कारण अण्णांच्या डोक्यात तो रस्ता होता आणि रस्त्यावरचे थांबे काही जागा बदलत नाहीत.

अण्णा परीक्षकांकडे गेले. "साहेब, पेठ शेवटचा थांबा आहे. आधी पेठ घेतल्यावर पुढे गाडी नेता कुठे? पुढे गुजरात लागतं." परीक्षक सुरकुत्या पडलेले, निवृत्त लष्करी गृहस्थ. ते अण्णांकडे बघत राहिले. मी अण्णांना बाजूला ओढलं आणि नियम सात दाखवला. अण्णांनी तो दोनदा वाचला. "नियमात आहे?" "आहे." "मग बोलायचं काम नाही." आणि मुकाट्याने येऊन उभे राहिले. या माणसाचं हेच. भांडण अर्ध्यात आणून सोडायचं.

भुऱ्या सवयीने आधी उडीकडे धावला. बोराडे ओरडले, "पेठ रे, पेठ, मागं ये." तो वळला, आणि मग असा सुटला की लोक उभे राहिले. ब्रूनोने एक पाइप पाडला, बाकी चोख. मग माझी पाळी. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पुणेकरांची ती गर्दी, आणि त्यात टक्कल पडलेला एक लिपिक एका पांढऱ्या पॉमेरेनियनच्या मागे "उमराळे, पिंकी, उमराळे" ओरडत धावतोय. लोक हसले. हसू देत. पिंकीने एकही चूक केली नाही. शेवटच्या फळीवरून ती उतरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी घरी सांगितलेलं नाही.

बाकीचे संघ आटोपले होते. आमचे गुण सगळ्यांच्या वर होते. चंपाने नुसती फेरी पुरी केली, मग ती कितीही सावकाश का असेना, तरी ढाल आमची. आहेर मॅडम नखं खात होत्या. बोराडे म्हणाले, "आली रे ढाल नाशकाला."

चंपा आणि अण्णा निघाले. बांबू झाले. उडी झाली. बोगदा झाला. चंपा फळीवर चढली, मध्यावर आली, आणि शेजारच्या मंगल कार्यालयाच्या दारात वरात पोहोचली. फटाक्यांची मोठी माळ लागली. चंपा जागच्या जागी बसली. पोट फळीला टेकवलं, नखं लाकडात रुतवली, आणि चारही पाय लटपटायला लागले. एवढ्या लांबून मला ते दिसत होतं.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि दोन बोटं वर केली. दोन मिनिटं होती. भरपूर वेळ होता. माळ संपली की ती उठली असती, आठ पावलं चालली असती, आणि झालं असतं. मी दोरीजवळून ओरडलो, "अण्णा, घाई करू नका. हात लावू नका. नियम अकरा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मग ते फळीजवळ गेले, चंपाच्या पोटाखाली हात घातला, तिला लहान मुलासारखं खांद्यावर घेतलं, म्हणाले, "चल गं बाई, घरी जाऊ," आणि मैदानाबाहेर चालत आले. परीक्षकांनी लाल झेंडी वर केली. संघ बाद.

मला जे वाटलं ते सभ्य भाषेत लिहिता येणार नाही. माझ्या एका बिस्किटासाठी दोन प्रतींत खुलासा घेणारा हा माणूस. तीन मिनिटांसाठी मला थंडीत उभा करणारा. चौथा माणूस म्हणून स्वतः रिक्षातून उतरणारा. आणि ज्या एका नियमावर आमची ढाल, आमचं मैदान, दीड वर्षाचे रविवार, सगळं टांगलेलं होतं, नेमका तोच मोडून मोकळा. त्याला तेवढाच नियम मोडायला मिळाला?

ढाल दुसऱ्यांनी नेली. आहेर मॅडम ब्रूनोच्या मानेत तोंड घालून रडल्या. बोराडे एवढंच म्हणाले, "अण्णा, लय वाईट केलं तुम्ही." मैदानाचं म्हणाल तर पुढच्याच आठवड्यात सानपांनी तारेचं कुंपण घातलं. आज तिथे कॉलनीचं वाचनालय आहे आणि मी अजून एकाही माणसाला तिथे वाचताना पाहिलेलं नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा मागच्या बाकावर कुत्र्यांमध्ये जाऊन बसले. आळेफाट्याला चहाला थांबलो, ऊन उतरायला लागलं होतं. मॅडम आणि बोराडे टपरीकडे गेले. मी गेलो नाही. मी सबंध रस्ताभर मनात भाषण जुळवत होतो आणि आता ते देणार होतो. मी जीपच्या मागे गेलो, पायरीवर चढलो आणि म्हणालो, "अण्णा, मला फक्त एवढं सांगा. दोन मिनिटं थांबायला तुमचं काय जात होतं?"

ते चंपाच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "ही शेवटी आठ दिवस दवाखान्यात होती."

मला आधी वाटलं चंपा. मग लक्षात आलं, वहिनी.

"भेटायची वेळ चार ते सहा. सहाला घंटा व्हायची. पहिल्या घंटेला मी उठायचो. बाकीचे बसून राहायचे रे. साडेसहा, सात. सिस्टर कोणाला काही म्हणायची नाही. पण मी उठायचो. आठव्या दिवशी घंटा झाली तर हिने माझी बाही धरली. म्हणाली, 'जरा बसा ना. मला भीती वाटतेय.' सगळ्या आयुष्यात तिने मला कधी थांबा म्हटलं नव्हतं. तिचा हात असा लटपटत होता. मी म्हटलं, 'सहा वाजले. उद्या चारला येतो.'"

टपरीवर कोणीतरी ग्लास विसळत होतं. अण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला.

"चारला गेलो मी. बरोबर चारला. गादी गुंडाळून ठेवली होती."

मी जुळवलेलं भाषण कुठे गेलं मला माहीत नाही. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दोन मिनिटं थांबायला काय जात होतं, असं मी या माणसाला विचारलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं सांत्वनाच्या पत्रातलं होतं, आणि तसली पत्रं मी ऑफिसात लिहायचो.

बोराडे आले, इंजिन सुरू झालं. पुढून मॅडमनी हाक मारली, "शिरसाठ, बसताय ना?" अण्णा म्हणाले, "जा. तुझी खिडकी आहे पुढे. इथे मागे धूळ येते, तुला गाडी लागेल."

मी म्हटलं, "लागू दे." आणि आत चढलो.

त्यांनी चंपाला उचलून मांडीवर घेतलं आणि थोडं बाजूला होऊन मला जागा करून दिली. नाशिक येईपर्यंत मी तिथेच बसलो.